हरवलेलें दप्तर आणि दुसरी प्रत

आमच्या आजे-पणज्यांच्या काळीं घरांत जपून ठेवण्याजोगें जें कांहीं असे तें सारें एका पेटींत मावत असे : जमिनीचे कागद, जन्माचा किंवा बाप्तिस्म्याचा दाखला, सोन्याचा एखादा मणी, आणि पिंवळें पडलेलें एखादें छायाचित्र. त्या पेटीस कुलूप असे व किल्ली आजीच्या कनवटीस असे. आज ती पेटी राहिली नाहीं. सुकापुरांतील कोणत्याही इमारतींत जाऊन पाहावें. घरचा सारा ठेवा एका फोनांत, एका संगणकांत किंवा बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्यें सांठविलेला आढळतो. पेटी लहान झाली, ठेवा मोठा झाला, परंतु किल्ली सांभाळणारें मनुष्य मात्र घरांत कोणी उरलें नाहीं.

आणि मग एके दिवशीं ती पेटी उघडत नाहीं. हा पेनड्राइव्ह वाचतां येत नाहीं, तो फॉरमॅट करूं काय, अशी पृच्छा पडद्यावर उमटते. घरांत एकच कालवा होतो. एक म्हणतो, “सर्व बुडालें.” दुसरा म्हणतो, “बाजारांतला दुरुस्तीवाला चुटकीसरशीं काढून देईल.” तिसरा कोणास न विचारतां कळ दाबून मोकळा होतो. पहिल्याची निराशा, दुसऱ्याची बेफिकिरी व तिसऱ्याची घाई हीं तिन्ही एकाच अज्ञानाचीं अपत्यें होत. विद्यार्थिमित्रांनीं व त्यांच्या पालकांनीं या विषयाचा थोडा विचार करावा, एवढ्यासाठींच हा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों : गेलेली माहिती परत मिळविण्याचें शास्त्र थोर आहे, परंतु त्यावर विसंबून राहणें शहाणपणाचें नाहीं, आणि ज्या घरांत दुसरी प्रत ठेवण्याची व झालेली हानि ताबडतोब सांगण्याची संवय आहे, तेंच घर खऱ्या अर्थानें सुरक्षित आहे.

प्रथम संगणकांत माहिती कशी राहते तें पाहूं. रायगड जिल्ह्यांतील पालकांस यासाठीं दूरचा दाखला शोधावयास नको. तलाठ्याचें दप्तर सर्वांच्या परिचयाचें आहे. शेत एका जागीं असतें व त्याचा सात-बारा दुसऱ्या जागीं असतो. सात-बारावर गट क्रमांक, क्षेत्र व धारकाचें नांव असतें. त्यावरून शेत कोठें व कोणाचें हें कळतें. संगणकांतही असेंच आहे. छायाचित्र, निबंध, हिशेब हा मूळ माल लहान लहान तुकड्यांत पडलेला असतो. आणि कोणता तुकडा कोणाचा, त्यामागून कोणता वाचावयाचा, नांव काय, तारीख कोणती, हें सर्व एका निराळ्या नोंदवहींत लिहिलेलें असतें. या व्यवस्थेस फाइल सिस्टिम म्हणतात. कॅमेऱ्याच्या कार्डांत व पेनड्राइव्हमध्यें ती बहुधा फॅट जातीची असते. विंडोजच्या संगणकांत एनटीएफएस नांवाची, व लिनक्सच्या संगणकांत बहुधा एक्स्ट-४ नांवाची असते.

आतां एखादी फाइल पुसली म्हणजे काय होतें? पुष्कळांची समजूत अशी कीं, पाटीवरील अक्षरें ओल्या फडक्यानें पुसावीं तशी ती नाहींशी होते. वस्तुतः फॅटच्या पद्धतींत पुसलेल्या फाइलीच्या नांवाचें पहिलें अक्षर बदलून तेथें एक ठराविक खूण करतात व तिचे तुकडे मोकळे झाल्याचें नोंदवितात, इतकेंच. शेत जागच्या जागीं असतें. सात-बारावरील नांवास तेवढा कंस पडलेला असतो. त्या जागेवर दुसऱ्या कोणी घर बांधलें नाहीं तोंपर्यंत मूळ शेताचे बांध दिसत राहतात. घर उभें राहिलें कीं दिसेनासे होतात. म्हणून लग्नांतील छायाचित्रें चुकून पुसलीं गेल्यावर त्याच कार्डावर आणखी छायाचित्रें घेणारा, किंवा गेलेली फाइल शोधण्याचा प्रोग्रॅम त्याच तबकडीवर उतरवून घेणारा मनुष्य आपल्याच शेतावर परक्याचें घर बांधून देत असतो. हानि झाली असें कळतांच हात थांबविणें, हा या शास्त्राचा पहिला नियम आहे, आणि त्यास एक पैही खर्च येत नाहीं.

कधीं फाइल पुसली जात नाहीं, तर नोंदवहीच बिघडते. लिहिणें चालू असतां वीज जाते, किंवा कोणी पेनड्राइव्ह मध्येंच उपटून काढतो. अर्धी नोंद झालेली व अर्धी राहिलेली अशी अवस्था होते. ज्यांनीं या व्यवस्था रचल्या त्यांनीं या आपत्तीचा विचार आधींच केलेला आहे. फॅटमध्यें नोंदवहीच्या सामान्यतः दोन प्रती असतात. एनटीएफएसमध्यें मुख्य वहींतील पहिल्या चार नोंदींची प्रत अन्यत्र राखलेली असते. लिनक्सच्या पद्धतींत सर्व व्यवस्थेचा मथळा एका ठिकाणीं नष्ट झाला तर दुसऱ्या ठिकाणीं मिळावा, म्हणून त्याच्या प्रती तबकडीवर जागोजागीं पेरून ठेवतात.

याशिवाय एक युक्ति अशी आहे कीं, ती पनवेलच्या जुन्या पेढीवाल्यांनीं ऐकली असती तर त्यांस नवल वाटलें नसतें. व्यापारी प्रत्येक व्यवहार प्रथम रोजकीर्दीत मांडतो व मागाहून खतावणींत चढवितो. खतावणी चढवितांना दिवा विझला तरी चिंता नसते. रोजकीर्द पाहून राहिलेलें काम पुरें करतां येतें. एनटीएफएस व एक्स्ट-४ या दोहोंतही हेंच तत्त्व आहे. करावयाचा बदल आधीं एका लहान नोंदींत लिहावयाचा, आणि मग मुख्य वहींत करावयाचा. वीज जाऊन परत आली कीं संगणक ती नोंद वाचून अर्धवट राहिलेलें काम एक तर पुरें करतो, नाहीं तर रद्द करतो. इतक्यानेंही न भागलें तर तपासणीचे प्रोग्रॅम असतात. युनिक्सच्या परंपरेंतील तपासनीसास ज्या तुकड्यांचा धनी सांपडत नाहीं, ते तो “हरवलें व सांपडलें” अशा अर्थाच्या नांवाच्या कप्प्यांत आणून ठेवतो. रेल्वे स्थानकावर बेवारशी सामान ठेवण्याची खोली असते तशीच ही.

सारी नोंदवही जळून गेली तरीही एक मार्ग राहतो. प्रत्येक जातीच्या फाइलीच्या मस्तकीं कांहीं ठराविक खूण असते. जेपेग छायाचित्राचा आरंभ नेहमीं त्याच तीन बाइटांनीं होतो, आणि पीडीएफच्या कागदाच्या आरंभीं त्याच्या जातीचें नांवच लिहिलेलें असतें. फ्रान्समधील क्रिस्तोफ ग्रेनिए यांनीं रचलेला फोटोरेक नांवाचा प्रोग्रॅम नोंदवहीकडे न पाहतां, तबकडी पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत चाळून या खुणा शोधतो व सांपडलेला माल वेगळा काढतो. तो कोणासही विनामूल्य मिळतो. लूकच्या शुभवर्तमानांतील त्या बाईची येथें आठवण होते. दहांतील एक नाणें हरवलें तेव्हां तिनें दिवा लावला, घर झाडलें, आणि सांपडेपर्यंत शोधलें. मात्र अशा शोधांत फाइलींचीं मूळचीं नांवें परत येत नाहींत. आणि एकाच फाइलीचे तुकडे दूर दूर पडलेले असल्यास त्यांचा सांधा पुष्कळदां जुळत नाहीं.

हें वाचून कोणी म्हणेल कीं, एवढें सामर्थ्यवान् शास्त्र असतां दुसरी प्रत ठेवण्याची यातायात कशास हवी? या प्रश्नास दोन उत्तरें आहेत. पहिलें असें कीं, यंत्रें बदललीं आहेत. जुन्या फिरत्या तबकडीवर पुसलेला माल पडून राहत असे. हल्लींच्या संगणकांतील एसएसडी स्मृतींत, फाइल पुसतांच तो भाग मोकळा झाल्याची वर्दी संगणक त्या स्मृतीस देतो, आणि ती आपल्या सोयीनें तेथील माल खरोखरच साफ करते. फोनाची स्मृतिही याच जातीची असून तिच्यांतील मजकूर शिवाय गुप्त लिपींत असतो. बहुतेक फोनांत पुसलेलीं छायाचित्रें कांहीं दिवस एका टोपलींत राहतात. ती मुदत टळली कीं मोठमोठ्या पंडितांचाही इलाज चालत नाहीं. दुसरें उत्तर आपल्या शेजारींच, न्हावा-शेवा येथें, २०१७ सालीं मिळालें आहे.

त्या वर्षीं जूनच्या २७ तारखेस युक्रेन देशांत एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या वाटेनें एक विघातक प्रोग्रॅम सोडण्यांत आला. पुढें त्यास नॉटपेट्या हें नांव पडलें. तो कांहीं तासांत देशोदेशीं पसरला. डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी त्यांत सांपडली, आणि तिच्या समूहाकडून चालविला जाणारा, आपल्या उरण तालुक्यांतील जवाहरलाल नेहरू बंदराचा गेटवे टर्मिनल्स इंडिया हा धक्काही अडकला. माल होता, यारी होत्या, माणसें होतीं. परंतु कोणता कंटेनर कोणाचा व कोठें जावयाचा हें सांगणारें दप्तर बंद पडलें. जें काम यंत्र क्षणांत करी तें हातानें करण्याची पाळी आली. पनवेलच्या रस्त्यांवरून रात्रंदिवस धांवणाऱ्या कंटेनरांच्या गाड्या ज्या बंदरासाठीं धांवतात, तेथें ही गोष्ट घडली, हें आपल्या मुलांस ठाऊक असलें पाहिजे.

नॉटपेट्याची कृति विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. तो संगणक पुन्हां सुरू करावयास लावी व पडद्यावर असा देखावा करी कीं, तबकडींतील दोषांची दुरुस्ती चालू आहे, कृपा करून संगणक बंद करूं नये. भला मनुष्य तें खरें मानून वाट पाहत बसे. आणि त्याच वेळीं तो प्रोग्रॅम एनटीएफएसची मुख्य नोंदवही गुप्त लिपींत बदलून टाकी. काम संपल्यावर ३०० डॉलरची खंडणी मागे. परंतु कुलूप उघडील अशी किल्ली त्याच्या कर्त्यांनीं राखलीच नव्हती. पैसे देणाऱ्याच्या हातीं कांहीं लागणार नव्हतें. विंडोजमधील ज्या छिद्राचा त्यानें उपयोग केला, तें बुजविण्याची दुरुस्ती त्याच वर्षाच्या मार्चमध्यें प्रसिद्ध झालेली होती. मात्र एका कार्यालयांतील एकच संगणक दुरुस्तीवांचून राहिला तरी तेथून चोरलेल्या परवलीच्या शब्दांच्या साह्यानें तो इतर संगणकांतही शिरे. एकाची हयगय सर्वांस भोंवते ती अशी.

मर्स्क कंपनी यांतून कशी उठली, ही हकीकत तर प्रत्येक शाळेंत सांगावी अशी आहे. कोणता मनुष्य कोणत्या यंत्रावर काम करण्यास अधिकारी आहे, याची यादी राखणारे सुमारें दीडशें संगणक त्या कंपनीनें जगभर ठेविले होते. ते सर्व एकमेकांशीं जुळवून घेत असत. म्हणून एक बिघडला तर दुसऱ्यावरून भरून काढतां येईल, अशी समजूत होती. परंतु ते सारे एकदम नष्ट झाले, व त्यांची वेगळी राखलेली प्रत कोठेंच मिळेना. शेवटीं आफ्रिकेंतील घाना देशांत एक संगणक शाबूत आढळला. कारण हल्ल्याच्या वेळीं तेथील वीज गेली होती व तो जाळ्यापासून तुटलेला होता! तेथून माहिती तारेनें पाठविण्यास अनेक दिवस लागले असते. म्हणून ती तबकडी माणसाच्या हातीं देऊन, नायजेरियामार्गें विमानानें इंग्लंडांत नेण्यांत आली. कंपनीच्या अध्यक्षांनीं पुढें २०१८ च्या जानेवारींत सांगितलें कीं, ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्यानें उभारावे लागले. नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरांचा होता. एवढ्या बलाढ्य संस्थेचा उद्धार एका दूरच्या गांवच्या वीज जाण्यानें झाला. आपल्याकडे वीज जाते तेव्हां आपण त्रासतों. परंतु दैवानें वीज जाईल व प्रत वांचेल, या भरंवशावर कोणीही संसार करूं नये.

या हकीकतींतून एक भेद शिकण्यासारखा आहे. एकमेकांशीं आपोआप जुळणाऱ्या दहा जागा म्हणजे दहा प्रती नव्हेत. आपल्या फोनांतील छायाचित्रें क्लाउडमध्यें जातात, म्हणून पुष्कळ पालक निश्चिंत असतात. परंतु जेथें फोन व क्लाउड यांची जुळणी चालू असते, तेथें फोनांत पुसलेलें छायाचित्र क्लाउडांतूनही पुसलें जातें. आरशापुढें पेला फोडला तर आरशांतलाही फुटतो. खरी दुसरी प्रत ती, जी पहिलीच्या सुखदुःखांत सहभागी नसते. २१ जून २०१२ रोजीं मुंबईंत मंत्रालयास आग लागून पांच माणसें मृत्यु पावलीं व वरच्या मजल्यांवरील सरकारी कागद भस्म झाले. तेव्हां ज्या कागदाची प्रत दुसऱ्या कचेरींत होती तोच पुन्हां उभा करतां येण्याजोगा होता. कागद असो वा संगणक असो, नियम एकच आहे.

हा नियम आमच्या वाङ्मयानें फार पूर्वीं अनुभविला आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आले व त्यांनीं मराठी ओवींत सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचिलें. तें १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें व पुढें १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापलें गेलें. १६८४ सालीं पोर्तुगीज सत्तेनें देशी भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढलें. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकीं एकही प्रत आज कोठें असल्याचें ज्ञात नाहीं. तरी तो ग्रंथ आपल्या हातीं आहे. कारण भाविक कुटुंबांनीं तो हातानें उतरून घेतला, कानडा जिल्ह्यांत नेला, वाचला व जपला. त्या हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तो पुन्हां छापला. देवनागरी लिपींतील एक हस्तलिखितही मागाहून लंडनमध्यें सांपडलें. छापखान्याच्या तीन आवृत्त्यांस जें साधलें नाहीं तें विखुरलेल्या घरांतील हातच्या प्रतींस साधलें.

तीच गोष्ट इतरत्र दिसते. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पिढ्यान् पिढ्या चुकीचे पाठ शिरले, तेव्हां एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें ती शोधून शुद्ध केली. शुद्ध पाठ ठरवावयाचा तर जुन्या प्रती हातीं असाव्या लागतात. जेथें एकच प्रत आहे तेथें चूक कोणती व मूळ कोणतें हें कशावरून ठरवावें? तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या व त्या तेराव्या दिवशीं वर आल्या अशी श्रद्धा आहे. त्याचबरोबर चाकणच्या संताजी जगनाड्यांनीं अभंग लिहून ठेवल्याची व ते लोकांच्या मुखीं असल्याची परंपराही वारकरी सांगतात. देवाच्या कृपेवर आमचा विश्वास आहे. परंतु लिहून ठेवणारा एक संताजी घरांत असावा, ही देवाचीच इच्छा असली पाहिजे असेंही आम्हांस वाटतें.

आतां आमच्या विषयांतील अधिक नाजूक भागाकडे वळतों. माहिती गमावण्याचें एक मोठें कारण यंत्र नसून भीति आहे. मुलाच्या हातून बहिणीच्या लग्नाचीं छायाचित्रें पुसलीं जातात. त्यास ठाऊक असतें कीं, सांगितलें तर मार बसेल. म्हणून तो गप्प राहतो, आणि कोणास संशय येऊं नये म्हणून फोन नेहमींप्रमाणें वापरीत राहतो. टोपलीची मुदत टळते. मोकळ्या जागेवर नवा माल बसतो. पहिल्या तासांत जें परत मिळालें असतें तें महिन्यानें मिळत नाहीं. येथें मुलाच्या चुकीपेक्षां घरच्या धाकानेंच अधिक नुकसान केलें, असें आमचें स्पष्ट मत आहे. पालकांनीं रागावूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आधीं फोन बाजूस ठेवावा, राग मागाहून काढावा.

मोठमोठ्या संस्थांनाही याच कसोटीस उतरावें लागतें. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या कंपनींत रात्रीं उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका इंजिनिअरनें एका सर्व्हरऐवजीं दुसऱ्याच सर्व्हरवरील माहिती पुसली. चूक लक्षांत येऊन हात थांबेपर्यंत सुमारें ३०० गिगाबाइट माहिती गेली होती. प्रती ठेवण्याच्या पांच योजना कागदावर होत्या. पाहतात तों एकही धड चालू नव्हती. सहा तासांपूर्वीं दुसऱ्याच कामासाठीं घेतलेली एक प्रत हातीं लागली व तीवरून कारभार पुन्हां उभा राहिला. कंपनीनें सारी हकीकत झांकून न ठेवतां जगापुढें मांडली, व दुरुस्तीचें काम चालू असतां तें लोकांस पाहूं दिलें. यांत दोन धडे आहेत. चूक उघड सांगणाऱ्याचा लौकिक बुडत नाहीं. आणि जी प्रत कधीं उघडून पाहिली नाहीं ती आहे असें समजूं नये.

तर मग प्रत्येक घरीं काय करावें? सर्वच वस्तु सारख्या मोलाच्या नसतात. सात-बारा सरकारच्या संकेतस्थळावर पुन्हां पाहतां येतो. परीक्षेचें गुणपत्रक मंडळाकडून पुन्हां मिळूं शकतें, आणि २०१५ पासून चालू असलेल्या डिजीलॉकरमध्यें अनेक दाखले राहतात. हे कागद गेले तर त्रास होतो, तरी ते कायमचे जात नाहींत. परंतु निवर्तलेल्या आजोबांचा आवाज कोणत्या कचेरींतून परत मिळणार? आमच्या पनवेल-उरणकडील आगरी समाजांत लग्नाचे विधि धवलारीण आपल्या मुखानें धवले गाऊन पार पाडते. हे धवले पाठांतरानें चालत आले आहेत, आणि ते पाठ असलेल्या वृद्ध स्त्रिया दिवसेंदिवस कमी होत आहेत. एखाद्या नातवानें आजीचे धवले फोनांत भरून घेतले असतील, तर तो फोन म्हणजे एका भांडाराची एकुलती एक प्रत होय. तो फोन पावसांत भिजला तर केवळ एका घराचें नव्हे, साऱ्या गांवाचें नुकसान आहे. म्हणून जें दुसरीकडून मिळण्यासारखें नाहीं त्याची प्रत सर्वांआधीं करावी.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनीं रूढ केलेला एक नियम मुलांनीं तोंडपाठ करावा : प्रती तीन, साधनें दोन जातींचीं, आणि एक प्रत घराबाहेर. एक फोनांत, एक वेगळ्या तबकडीवर, आणि एक दुसऱ्या गांवीं मावशीच्या किंवा काकांच्या कपाटांत, एवढें कोणाही कुटुंबास झेपण्यासारखें आहे. २६ जुलै २००५ चा महापूर ज्यांनीं या जिल्ह्यांत पाहिला, त्यांस घराबाहेरची प्रत कशासाठीं हें सांगावयास नको. गाढीचें पाणी घरांत शिरतें तेव्हां तें संगणक कोणता व तबकडी कोणती हें पाहत नाहीं. तबकडी जोडून प्रत करावी व लगेच सोडवून ठेवावी. जोडलेली राहिली तर नॉटपेट्यासारख्या चोरास दोन्ही दारें एकदम उघडीं सांपडतात.

इतकी खबरदारी घेऊनही हानि झालीच, तर क्रम असा ठेवावा. प्रथम थांबावें. फॉरमॅट करूं काय, या प्रश्नास होकार देऊं नये. बिघडलेल्या तबकडीची सबंध नक्कल दुसऱ्या तबकडीवर घ्यावी, व शोधाचा सारा प्रयोग त्या नकलेवर करावा. मूळ वस्तूस हात लावूं नये. तबकडींतून टकटक असा आवाज येत असेल तर घरगुती उपाय न करतां ती बंद करून जाणत्याकडेच न्यावी. नेतांनाही मनुष्य पारखून घ्यावा, कारण तिच्यांत घरांतील लेकीसुनांचीं छायाचित्रें व बँकेचे कागद असतात. अर्ध्या किंमतींत काम करणाऱ्या अनोळखी हातीं घरची पेटी कोणी देत नाहीं. खंडणी मागणाऱ्यास पैसा देऊं नये. एक तर किल्ली मिळेल याची शाश्वती नसते, आणि मिळालीच तरी पुढच्या घरावर दरोडा घालण्यास आपणच भांडवल पुरविल्यासारखें होतें.

आमची शाळेस व पालकांस एक विनंति आहे. प्रत्येक सत्राच्या शेवटीं संगणकाचा एक तास केवळ या कामास द्यावा. मुलांनीं आपल्या वर्षभराच्या कामाची प्रत करावी, आणि मागच्या सत्रांतील प्रत खरोखर उघडते कीं नाहीं हें गुरुजनांसमोर पाहावें. एखादा निरुपयोगी पेनड्राइव्ह घेऊन त्यांतील फाइल पुसून ती परत मिळविण्याचा प्रयोगही करावा. त्यांत मुलांस पदार्थविज्ञानाच्या प्रयोगाइतकाच आनंद होईल, आणि पुसणें व नाहींसें होणें यांतील भेद डोळ्यांस दिसेल. वरच्या वर्गांतील मुलांनीं सुटींत आपल्या आजी-आजोबांचीं गाणीं व आठवणी भरून घेऊन त्यांच्या तीन प्रती कराव्यात. यास पैसा थोडा लागतो. नियमितपणा मात्र पुष्कळ लागतो, आणि तो शिकविणें हेंच शाळेचें काम आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानांतील दहा कुमारींच्या दृष्टांतांत सर्वांकडे दिवे होते व सर्वांस झोंपही लागली. शहाण्या ठरल्या त्या, ज्यांनीं भांड्यांत वेगळें तेल घेतलें होतें. मध्यरात्रीं हांक आल्यावर तेल विकत घेण्यास धांवणाऱ्यांस दार बंद झालेलें दिसलें. संगणकाचा दिवाही केव्हां मालवेल हें कोणास सांगतां येत नाहीं. ज्यांनीं दुसऱ्या भांड्यांत तेल ठेविलें आहे त्यांनीं निश्चिंत असावें, आणि ज्यांनीं ठेविलें नाहीं त्यांनीं हा अंक खालीं ठेवतांच त्या कामास लागावें, एवढेंच आमचें सर्व विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस सांगणें आहे.